छान म्हणायचं नाही

दवाखान्यात अक्काला पथ्याचं जेवण यायचं, तरी मी रोज संध्याकाळी स्टीलच्या छोट्या डब्यातून वाटीभर आमटी घेऊन जायचे. ती खायची नाही. झाकण काढायची, डबा जरा तिरका करून तर्रीचा रंग बघायची आणि झाकण लावून माझ्याकडे परत द्यायची. त्या दिवशीही तिने तसंच केलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आज पहिलं कोण आलतं?" मी म्हटलं, "नंजप्पा." "काय म्हणाले?" "म्हणाले, चिंच पुढं आलीय. मग मी गुळाचा खडा टाकला." यावर शाबासकी मिळेल अशी माझी भाबडी समजूत. अक्काने उशीवरूनच मान वळवली आणि विचारलं, "आणि परत चाखायला दिलीस त्यास्नी?" दुपारची गर्दी होती, कुठे पुन्हा पळी घेऊन जाणार... "मग काय केलंस बाई तू? एकदा विचारायचं आणि दुसऱ्यांदा न्हाई, ह्याला विचारणं म्हणत न्हाईत." एवढं बोलून तिने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी मसूर धूत असताना, दवाखान्यातून फोन आला. माझ्या थोरल्या जावेचे माझ्याशी शेवटचे शब्द रागावण्याचे होते, हे मी आता सगळ्यांना सांगते आणि सांगताना मला बरं वाटतं. हात धरून गोडगोड बोलली असती, तर ती अक्का नव्हेच.

हेब्बाळच्या तळ्याकडून आत वळणाऱ्या गल्लीत आमची खानावळ आहे. पाटीवर मोठ्या कन्नड अक्षरांत भलतंच नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. रिक्षावाल्याला 'अक्काची खानावळ' म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. अक्का निपाणीकडची. लग्न होऊन या शहरात आली तेव्हा थोरले दीर कारखान्यात होते आणि हेब्बाळ हे निम्मं खेडंच होतं. सीमाभागातले त्यांचे सोबती, एकटे राहणारे, रविवारी जोंधळ्याच्या भाकरीसाठी घरी येऊन बसायचे. रविवारचे इतर वार कधी झाले आणि ओसरीचं दुकान कधी झालं, ते घरातल्यांनाही नीट सांगता येत नाही. दीर गेले, कारखाना गेला, आजूबाजूला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मग गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं अडकवलेली पुण्या-मुंबईची, नागपूरची पोरं-पोरी येऊ लागली. बाकडी तीच राहिली. त्यावर एका बाजूला रिक्षा चालवणारे नंजप्पा आणि दुसऱ्या बाजूला मोबाईलवर मीटिंग ऐकत भाकरी मोडणारा कुणी, असं आमचं रोजचं दृश्य. जेवणात निवड नाही. भाकरी, अख्ख्या मसुराची आमटी, एक भाजी, शेंगांची चटणी, खर्डा, ताक. ज्याला दुसरं काही हवं असेल त्याला अक्का मोठ्या प्रेमाने रस्त्यापलीकडचं चकचकीत हॉटेल दाखवायची.

जावा-जावा आणि उभा दावा, असं म्हणतात. आमच्यात दावा नव्हता, कारण दावा मांडायला दोन बाजू लागतात आणि अक्कासमोर दुसरी बाजू टिकायची नाही. मी शाळेत शिक्षिका होते, म्हणून सगळी गल्ली मला टीचर म्हणते. शाळेत चाळीस पोरं माझ्या नजरेने गप्प व्हायची आणि खानावळीत मला सकाळच्या वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत यायची परवानगी नव्हती. सकाळचा स्वयंपाक हे अक्काचं राज्य. मी निवृत्त झाले, रोज खानावळीत जायला लागले, तरी माझं काम वाढण्याचं. माझे यजमान सुरेश, म्हणजे अक्काचे धाकटे दीर, गल्ल्यावर. आत ती एकटी.

तिची एक पद्धत तिच्या माहेरची होती. फळीवरच्या देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय शिजलेलं काही तोंडात घालायचं नाही. देवाला उष्टं चालत नाही. त्यामुळे अक्काने उभ्या आयुष्यात भांड्यातली आमटी चाखून कधी मीठ घातलं नाही. तिचा सगळा स्वयंपाक वासावर चालायचा. कांदा किती भाजला, खोबरं आता उतरवायला हवं का, मसूर पुरता शिजला का, हे ती पातेल्यावर वाकून, डोळे मिटून ठरवायची. "मिठाचासुदीक वास असतोय," असं ती म्हणायची. मी शाळेतली विज्ञानाची पुस्तकं पुढे करून वाद घालायचे आणि मग तिच्याच आमटीत भाकरी कुस्करायचे.

ती तापाची साथ आली आणि घरात सगळेच आडवे झालो. वास आम्हा तिघांचाही गेला होता. सुरेशचा आठवड्यात परत आला, माझा थोडा उशिरा. अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "आला की." आम्ही विश्वास ठेवला. खानावळ पुन्हा सुरू झाली. ती हाताच्या सवयीवर, डोळ्यांच्या अंदाजावर रेटत राहिली असणार. आत कुणाला येऊ देत नव्हती, त्यामुळे तिचं काय चाललंय ते कळायला मार्गच नव्हता. एवढंच मला आता आठवतं, की दारातल्या फुलवालीकडून रोज एक मोळ मल्लिगे, म्हणजे हातभर मोगरा, घेऊन अंबाड्यावर माळणारी अक्का त्या दिवसांत गजरा हातात घेऊन थोडा वेळ नुसती उभी राहायची.

मग तो दिवस. दुपारची पहिली पंगत उठली, दुसरी बसली. अक्का नेहमीसारखी दारात येऊन उठणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, "कसं झालंय?" आणि प्रत्येकजण "छान, अक्का" म्हणून हात धुवायला जात होता. इतक्यात कोपऱ्यातल्या बाकड्यावरची एक मुलगी, नागपूरची, मृणाल तिचं नाव, पहिल्यांदाच आली होती, ती म्हणाली, "काकू, आमटी थोडी करपल्यासारखी लागते आहे का? म्हणजे... खोबरं जरा जास्त भाजलं गेलं असेल." शेजारच्या मैत्रिणीने तिला बाकड्याखालून पाय मारला, तो मला दिसला. माझ्या अंगातली शिक्षिका जागी झाली. पहिल्यांदा येऊन आमच्या अक्काला शिकवतेस! मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का तिच्यासमोर बाकड्यावर बसली. वाढण्याच्या वेळी अक्काला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "सुमन," ती मला म्हणाली, "तू चाखून बघ." मी वाटी तोंडाला लावली. कडू जहर. वाटणातलं खोबरं पार काळं झालेलं. माझ्या चेहऱ्यावर तिला ते वाचता आलं.

त्या दिवशी शटर अर्धं ओढल्यावर तिने आम्हा दोघांना सांगितलं. "मला वास येत न्हाई. ताप गेल्यापास्नं. चवबी कळत न्हाई, नुसतं कायतरी जिभेवर हाय एवढं कळतंय." तिचा आवाज शांत होता. वास गेल्याचं तिला सोसवलं होतं, दुसरंच काही सोसवत नव्हतं. "एवढी माणसं जेवून गेली की गं. वर्षानुवर्षाची माणसं. एकानं तोंडातनं शब्द काढला न्हाई. छान म्हणाले. मला लाज वाटू नये म्हणून कडू गिळलं त्यांनी." मग ती पदर डोळ्यांना लावून रडली. मी तिला थोरले दीर गेले त्यानंतर पहिल्यांदाच रडताना बघत होते.

सुरेश व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "वहिनी, हे कुणापाशी बोलू नका. समोरचं हॉटेल टपलेलंच आहे. बाईला चव कळत नाही असं झालं, तर कोण येईल इथं? सुमन रोज गुपचूप चाखत जाईल. कुणाला पत्ता लागणार नाही." तो बोलला त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. खानावळ गेली तर आमचं पोट चाललं असतं, माझं निवृत्तिवेतन होतं. पण चुलीपुढून उठवलेली अक्का कशी जगली असती, हे आम्हा दोघांनाही डोळ्यांपुढे आणवेना. अक्काने पदराने नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून चक्क हसली. "सुमन व्हय? ती छानच म्हणणार. घरचं माणूस. भाऊजी, तिनं आयुष्यात माझ्यासमोर कधी खरं बोलायचं धाडस केलंय का?" मला ते लागलं आणि हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत रांग लागली आणि शटर वर गेलं, तेव्हा अक्का पळी हातात घेऊन उंबऱ्यावर उभी होती. पाठीमागे मी आणि गल्ल्यावर डोकं धरून बसलेला सुरेश. तिने आधी मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये. "ऐका. त्या तापानं माझा वास नेलाय. मला चव कळत न्हाई. काल तुम्ही करपलेलं खाऊन गेलासा आणि मला छान म्हणालासा. आजपास्नं जो पहिला येईल त्यानं आमटी चाखायची आणि काय कमी हाय, काय जास्त हाय ते सांगायचं. छान म्हणायचं न्हाई. छान म्हणणाऱ्याला भाकरी मिळणार न्हाई." रांगेत कुणी हललं नाही. मागे उभं असलेलं एक कुटुंब आपापसांत काहीतरी बोललं आणि निघून गेलं. अक्काने त्यांना जाताना पाहिलं. पळी तिने हातात तशीच धरून ठेवली. तो क्षण फार लांबला... मग रांगेत सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या नंजप्पांनी खाकी शर्टाची बाही वर केली आणि उजवा हात पुढे केला. तीर्थाला धरतात तसा, तळव्याची वाटी करून. अक्काने चमचाभर आमटी त्यावर घातली. नंजप्पांनी ती ओढून घेतली, जिभेवर घोळवली, वर आभाळाकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "अक्का, खारा स्वल्प बेकु." थोडं तिखट हवं! सगळी रांग हसली. अक्काही हसली आणि आत जाऊन चटणीचा डबा उघडला.

तेव्हापासून तो आमच्या खानावळीचा रिवाज झाला. आधी नैवेद्य, मग पहिल्या गिऱ्हाइकाच्या तळव्यावर आमटी. लोक तुटतील ही सुरेशची भीती खोटी ठरली. उलट पहिलं येण्यासाठी चढाओढ सुरू झाली. व्हाइटफील्डला बदलून गेलेली पोरं सुट्टीच्या दिवशी मेट्रो आणि बस बदलत यायची, का तर आज आपल्या हातावर आमटी पडावी. अक्का ऐकायची सगळ्यांचं, करायची मात्र विचार करून. "पुण्याच्या पोरांचं ऐकलं तर ढेप संपंल, आणि नागपूरच्यांचं ऐकलं तर दवाखाना काढावा लागंल," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणायची. चाखणाऱ्याने नुसतं 'कमी आहे' म्हटलेलं तिला चालायचं नाही. काय कमी, किती कमी, लगेच जाणवलं की घास गिळल्यावर, असं ती खोदून विचारायची आणि त्यांच्या जिभेपेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडे जास्त बघायची. मला म्हणायची, "जीभ खोटं बोलती गं. भुवई न्हाई बोलत." बदल केला की पुन्हा त्याच माणसाच्या हातावर पळी. दोनदा, कधी तीनदा. तोवर मागची रांग खोळंबलेली, पण हूं की चूं नाही. ऑफिसात साहेबाला 'होय, होय' करणारी पोरं आमच्या दारात उभं राहून 'नाही, अजून जमलं नाही' म्हणायला शिकली.

मृणाल तर घरचीच झाली. तिच्या आईने फोनवर विचारलं, इतकं काय आहे त्या खानावळीत, तर म्हणाली म्हणे, "तिथे माझं ऐकतात." अक्काने तिला सकाळी उंबऱ्याआत घेतलं, जिथे मी इतकी वर्षं बाहेर उभी होते. मला हेवा वाटला का? वाटला. मी तो बोलून दाखवला. तर अक्का म्हणाली, "मग तूबी ये की. तुला कुणी अडवलंय?" जणू इतकी वर्षं मीच मर्जीने बाहेर उभी होते! तेव्हापासून मी आत गेले. तिने मला तिचा स्वयंपाक शिकवला आणि स्वतःही नव्याने शिकली. मोहरी कधी थांबते ते कानाने, खोबऱ्याचा बदामी रंग डोळ्यांनी, कांदा उलथण्याच्या टोकाला कसा लागतो त्यावरून. मी खात्रीने सांगते, आणि अक्काची जाऊ म्हणून सांगत नाही, त्या वर्षांतली आमटी ही तिच्या हाताची सगळ्यांत चांगली आमटी होती. वास असताना ती आमटी अक्काची होती, नंतर ती साऱ्या गल्लीची झाली. एकदा कॅमेरा घेऊन दोघंजण आले, वास न येणाऱ्या बाईचा व्हिडिओ करायचा म्हणाले. अक्काने त्यांना रांगेत उभं केलं. जेवण झाल्यावर त्यातला एक सवयीने "छान होतं" म्हणाला आणि सगळी खानावळ एका सुरात ओरडली. व्हिडिओ राहिलाच.

मल्लिगे ती शेवटपर्यंत माळत होती. गजरा घेतला की माझ्या नाकापाशी धरायची. "येतोय का गं वास?" "येतोय." "कसा येतोय, सांग." पहिल्यांदा मी आपलं "छान" म्हटलं आणि बोलणी खाल्ली. मग मला शोधून सांगावं लागायचं. आज थोडा ओला आहे, कालच्यापेक्षा हलका आहे, कळ्या अजून उमलल्या नाहीत, दुपारी खरा वास सुटेल. तीस वर्षं मुलांना निबंध लिहायला शिकवलं, पण बघून, थांबून, खरं तेवढंच सांगायला मला अक्काने शिकवलं. कुणी विचारलं की पूर्वी मी शाळेचं नाव सांगायचे. आता मी अक्काची जाऊ आहे असं सांगते, आणि मान आपोआप ताठ होते.

तेरावं झालं आणि आम्ही शटर उघडायचं ठरवलं. आदल्या दिवशी सुरेश हळूच म्हणाला, "आता ते हातावर चाखायला द्यायचं बंद केलं तरी चालेल. तुला चव कळते. वहिनींची अडचण होती म्हणून ते होतं." मला ते पटलं. खरंच, कशासाठी? मी पहाटेपासून एकटीने सगळं केलं. मसूर शिजवला, खोबरं बदामी झाल्यावर उतरवलं, फोडणीला कान दिला. देवीला नैवेद्य दाखवला आणि मग चमचाभर आमटी तोंडात घेतली. चांगली झाली होती. अक्काच्या हाताची आठवण यावी इतकी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी तशीच बाहेर आले.

शटर वर गेलं. रांग होती. मृणाल होती, व्हाइटफील्डची पोरं होती आणि सगळ्यांत पुढे नंजप्पा. नंजप्पांनी बाही वर केली आणि उजव्या हाताची वाटी करून पुढे धरली. मी सुरेशकडे पाहिलं, तो दुसरीकडे बघत होता. आत गेले, पळी भरून आणली, त्यांच्या तळव्यावर घातली. त्यांनी ती ओढली, घोळवली, आभाळाकडे पाहिलं. मी वाट बघत होते. मग माझ्याकडे न बघता ते मऊ आवाजात म्हणाले, "सरी इदे, टीचर." बरोबर आहे. इतक्या वर्षांत नंजप्पा पहिल्याच पळीला कधी 'बरोबर आहे' म्हणाले नव्हते. त्यांच्या भुवईकडे माझं लक्ष गेलं, आणि माझ्या तोंडून अक्काचाच आवाज निघाला, "नंजप्पा, छान म्हणायचं नाही. खरं सांगा." त्यांनी क्षणभर खाली पाहिलं. म्हणाले, "उप्पे इल्ल, टीचर."

मीठच नव्हतं. मी चाखली होती, मला ती चांगली लागली होती, आणि तिच्यात मीठच नव्हतं.

आत गेले. मीठ घातलं, ढवळलं, एक उकळी येऊ दिली. हात मसाल्याच्या डब्याकडे चालला होता, ताटं मांडायची होती, रांग खोळंबली होती... मग मी पळी पुन्हा भरली आणि बाहेर आले. नंजप्पांचा हात तसाच पुढे होता.